बारा व्होल्टच्या नावाखाली पाच व्होल्टचे दिवे

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे व्हिडिओ गेमचे उभे यंत्र, बांधणाऱ्या आणि त्यासाठी उजळणारी बटणे मागवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे, कारण ज्याने मला फसवले तो विक्रेता आजही तोच संच त्याच छायाचित्रांसह विकत आहे. 24 बटणे, त्यांचे 12 व्होल्टचे एलईडी, जोडणीच्या तयार तारा आणि 12 व्होल्टचा अडॅप्टर असा संच मी पूर्ण रक्कम आगाऊ भरून घेतला. पुढे बदली संचाच्या नावाखाली त्याने त्या किमतीचा चौथा हिस्सा आणखी उकळला. त्यातली एक पैही परत आलेली नाही.

जोडणी चोख होती, हे आधीच सांगतो, कारण सगळे प्रथम तिथेच बोट ठेवतात. मायक्रोस्विचच्या (बटणाखालच्या छोट्या स्विचच्या) सीओएम (सामाईक) आणि एनओ (बटण दाबल्यावरच जोडले जाणारे) या टोकांच्या तारा एन्कोडरकडे (बटणांचे संकेत संगणकाला पोहोचवणाऱ्या पाटीकडे) आणि दिव्याच्या तारा धन-ऋण तपासून अडॅप्टरकडे, अशा दोन्ही वाटा मी पूर्ण वेगळ्या ठेवल्या होत्या. दोन्हींच्या तारांचे रंग वेगळेच घ्या. एन्कोडरला चुकून 12 व्होल्ट लागले तर तो जळण्याचीच शक्यता जास्त.

पहिले पांढरे बटण लावले तेव्हा त्याचा प्रकाश डोळ्यांना बोचत होता आणि थोड्याच वेळात तापलेल्या प्लास्टिकचा वास येऊ लागला. तो क्षण आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. लबाडी तेव्हाच उघडी पडायला हवी होती. पण खोक्यावर 12 व्होल्ट, दिव्याच्या बुडावर 12 व्होल्ट, अडॅप्टरही त्याच्याच संचातला. मग संशय घ्यायचा तरी कशावर? फोन केला तर, "नवे दिवे सुरुवातीला तापतातच, तुम्ही सगळी बटणे लावून घ्या," असे त्याने ठामपणे सांगितले. सगळी लावली आणि एकामागून एक दिवे गेले.

एक दिवा होल्डरमधून उपसून बुडावरची चिकटपट्टी नखाने खरवडली, तर खाली 5 व्होल्ट छापलेले निघाले. रेझिस्टरवर, म्हणजे दिव्यातला वीजप्रवाह आवरणाऱ्या छोट्या भागावर, त्याचे मूल्य सांगणारे तपकिरी, काळा, तपकिरी असे रंगीत पट्टे होते, म्हणजे 100 ओहम. पांढऱ्या एलईडीला 12 व्होल्टवर 470 ओहमच्या आसपास, म्हणजे पिवळा, जांभळा, तपकिरी लागतो. एलईडीचे 3 व्होल्ट वजा केले तरी उरलेल्या 9 व्होल्टमुळे 20 मिलिअँपिअरच्या जागी 90 मिलिअँपिअर वाहत होते. दिवा लावण्याआधी हे पट्टे पाहाच.

त्यानंतर त्याने बदली संचाचे पैसे थेट खात्यात भरायला लावले आणि परतीची मुदत संपेपर्यंत "आज निघतो, उद्या निघतो" म्हणत झुलवले. संकेतस्थळाबाहेर पैसे मागणाऱ्याची त्याच क्षणी तक्रार करा.

तक्रारीचा अनुभव तर त्याहून संतापजनक आहे. संकेतस्थळ म्हणते, मुदत संपली आणि जळालेला माल परत घेत नाही. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवले. पोलीस म्हणतात, हा मालाच्या दर्जाचा वाद आहे, ग्राहक न्यायालयात जा. तिथे विक्रेत्याचा पत्ता मागतात, आणि तो पत्ता गोपनीयतेचे कारण देऊन संकेतस्थळ देत नाही! खोटी पट्टी चिकटवून माल विकणे ही फसवणूक नसेल, तर फसवणूक म्हणायचे कशाला, याचे उत्तर एकाही खुर्चीने दिले नाही. काढलेली पट्टी तर पुरावा म्हणूनही नाकारली. म्हणून असा संच तुमच्याकडे आला असेल, तर खोके फोडण्यापासून पट्टी खरवडण्यापर्यंतचे सलग चित्रीकरण करा आणि निम्म्या दिव्यांच्या पट्ट्यांना हातही लावू नका.