‘व्हिटॅमिन’ म्हणून सरांनी मला जे दिलं

फसवणूक म्हटलं की खोटा माल आणि बुडालेले पैसे डोळ्यांसमोर येतात. माझ्या बाबतीत माल खोटा नव्हता. गोळी घेतल्यावर खरोखरच ताकद वाढली, खरोखरच बरं वाटलं, आणि त्यामुळेच देणाऱ्यावरचा विश्वास महिन्यागणिक घट्ट होत गेला. खेळातल्या औषधांचं हेच सगळ्यात वाईट आहे. ज्या डोक्याने संशय घ्यायचा, त्याच डोक्यावर त्या गोळीचा अंमल असतो. मैदानावर जाणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे नीट वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी गोळाफेक करायचे. आमच्या सरांचं नाव मोठं होतं, त्यांच्या हाताखालच्या मुलांना पदकं मिळत होती. एका हंगामात माझा खांदा सतत दुखायला लागला. सर म्हणाले, “अगं, तुझं शरीर भरून येत नाहीये. रिकव्हरी कमी पडतेय. व्हिटॅमिन आणि मिनरलचं एक कॉम्बिनेशन आहे, मी बाहेरून मागवतो.” गोळ्या मिळाल्या त्या पाकिटातून आधीच काढलेल्या. छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर पेनाने फक्त ‘सकाळ-संध्याकाळ’ असं लिहिलेलं. पैसे रोख. सोबत एक सूचना: “बाकीच्या पोरींना सांगू नकोस, सगळ्यांना पुरेल एवढा स्टॉक नाही.” बाबांनी सरांना फोन करून विचारलं, तर त्यांनाही तेच उत्तर मिळालं, वर “काळजी करू नका, मी स्वतः लक्ष ठेवून आहे” हेही.

काही आठवड्यांत फरक जाणवला. आदल्या दिवशी जड वजनं उचलली तरी सकाळी अंग दुखेना. जास्त सराव झेपायला लागला, गोळा लांब पडायला लागला. यात जादू काहीच नाही. त्या गोळ्या ॲनाबॉलिक स्टेरॉईडच्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. ॲनाबॉलिक स्टेरॉईड म्हणजे टेस्टोस्टेरॉन किंवा त्याची प्रयोगशाळेत बनवलेली भावंडं. ती स्नायूंच्या पेशीत शिरून प्रथिनं तयार करण्याचा वेग वाढवतात. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, बाईचं त्याच्या तुलनेत अगदी किंचित. म्हणून पुरुषाला जो डोस लहान वाटतो, तो मुलीच्या शरीरासाठी प्रचंड असतो. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुरुषांना १० आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं होतं. व्यायाम न करता नुसतं औषध घेणाऱ्यांचेही स्नायू वाढले.

इथे डॉक्टर आणि शिक्षकांना एक विनंती आहे. ‘याचा काही उपयोग होत नाही’ असं मुलांना सांगू नका. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९७७ मध्ये साधारण तशीच भूमिका घेतली होती आणि १९८४ मध्ये ती बदलावी लागली. तोवर खेळाडू स्वतःच्या दंडावर परिणाम बघत होते. एकदा डॉक्टर खोटे ठरले की मग ते यकृताबद्दल, हृदयाबद्दल जे सांगतात तेही कोणी ऐकत नाही, आणि पिशवीतून गोळ्या देणारा माणूस तेवढा खरा वाटतो.

मनावरचा परिणाम त्याहून हळू येतो, आणि आतून तो परिणाम वाटतच नाही. सुरुवातीला मला फक्त छान वाटत होतं. झोप कमी झाली तरी थकवा नाही, कोणाची भीती नाही, आपल्याला सगळं जमेल अशी खात्री. मग चिडचिड. एकदा ताईने माझे बूट जागचे हलवले एवढ्यावरून मी तिला भिंतीशी रेटून धरलं होतं. तिचे दोन्ही दंड माझ्या मुठीत होते, ती “सोड, दुखतंय” म्हणत होती आणि मला मात्र माझंच बरोबर वाटत होतं. ताई सरांविरुद्ध काही बोलली की माझा पारा चढायचा. प्रत्येकाचं असं होतं असं नाही. अभ्यासांत बहुतेकांच्या वागण्यात फारसा फरक दिसत नाही, थोड्यांच्या मात्र तीव्र दिसतो, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळायला काहीच मार्ग नाही. शिवाय ते प्रयोग ठरावीक डोसचे असतात. मैदानावर आणि जिममध्ये लोक त्याच्या कितीतरी पट घेतात, दोन-तीन प्रकार एकत्र करून घेतात.

शरीराने खुणा द्यायला सुरुवात केली, आणि प्रत्येक खुणेला सरांकडे उत्तर तयार होतं. पाठीवर, खांद्यांवर मोठे पुरळ उठले, तर “घामाने होतं.” पाळी बंद झाली, तर “कडक ट्रेनिंग करणाऱ्या मुलींचं होतंच असं.” हे उत्तर फार हुशारीचं होतं, कारण ते अर्धं खरं आहे. खूप सराव आणि अपुरं जेवण यामुळे खेळाडू मुलींची पाळी खरंच थांबते. पण त्यामुळे हनुवटीवर राठ केस येत नाहीत आणि आवाज फुटत नाही. मला दोन्ही झालं. एका अनोळखी माणसाने फोनवर “हां दादा, बोला” म्हटलं तेव्हा मी चमकले. सरांना सांगितलं तर ते हसले. “तुला काय गायिका व्हायचंय?”

पुढे कधीतरी वाचनात आलं, १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीच्या मुलींनी पोहण्याच्या १३ पैकी ११ सुवर्णपदकं जिंकली होती. त्यांच्या घोगऱ्या आवाजाबद्दल विचारलं तेव्हा ‘त्या इथे पोहायला आल्यात, गायला नाही’ अशा अर्थाचं उत्तर त्यांच्या गोटातून मिळाल्याचं सांगतात. ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ परत उघडलं नाही.

पण सगळ्यात मोठी खूण वेगळीच होती, आणि ती प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. स्पर्धेच्या काही आठवडे आधी सर गोळ्या बंद करायला सांगायचे. “शरीराला ब्रेक देऊ.” स्पर्धा संपली की परत सुरू. साधं व्हिटॅमिन स्पर्धेआधी कोणी कशाला थांबवेल? तो ब्रेक शरीरासाठी नव्हताच, लघवीच्या नमुन्यात औषध सापडू नये म्हणून होता. आता ती चालाखीही भरवशाची राहिलेली नाही. स्टेरॉईडचे शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे अवशेष शोधण्याच्या पद्धती आल्या आहेत आणि नमुने १० वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. २००८ आणि २०१२ च्या ऑलिम्पिकमधले जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा कित्येकांची पदकं अशीच गेली.

माझी उत्तेजक चाचणी व्हायच्या आधी आई मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासलं. ते वाढलेलं असेल असं त्यांना वाटलं होतं, पण निघालं अगदी कमी. अंगावर पुरुषी संप्रेरकाच्या सगळ्या खुणा आणि रक्तात मात्र ते जवळजवळ नाहीच. बाहेरून दुसऱ्याच रूपात ते येत असेल तर मेंदूकडून अंडाशयांना जाणारे इशारे थांबतात आणि शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, हे त्यांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पार तळाला गेलं होतं. यकृताचे आकडे वाढलेले होते. ते आकडे नुसत्या कडक व्यायामानेही वाढतात, कारण ती एन्झाइम्स स्नायूंतही असतात. म्हणून त्यांनी जीजीटी नावाची तपासणी करायला लावली, हे एन्झाइम स्नायूंमधून येत नाही. तेही वाढलेलं आलं. तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “तू कोणत्या गोळ्या घेतेस?” मी म्हणाले, व्हिटॅमिनच्या. त्या म्हणाल्या, “उद्या घेऊन ये.”

गोळ्या प्रयोगशाळेत तपासून घेतल्या. स्टॅनोझोलोल नावाचं ॲनाबॉलिक स्टेरॉईड निघालं. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावलेल्या बेन जॉन्सनचं सुवर्णपदक तीन दिवसांत काढून घेतलं गेलं, ते याच औषधामुळे.

हा प्रकार एका प्रशिक्षकाच्या डोक्यातून निघालेला नाही. पूर्व जर्मनीत १९७४ पासून सरकारी योजनाच होती, तिला ‘राज्य योजना १४.२५’ म्हणत. ओरल-टुरिनाबोल नावाच्या निळ्या गोळ्या कोवळ्या मुलींना दिल्या जायच्या आणि ही व्हिटॅमिनं आहेत, असं सांगितलं जायचं. तिथले क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मान्फ्रेड हॉप्नर यांच्यावर २००० साली बर्लिनमध्ये खटला चालला. त्या मुली तोवर मोठ्या झालेल्या होत्या, त्यांनी कोर्टात उभं राहून साक्षी दिल्या. दोघे दोषी ठरले, पण शिक्षा स्थगित झाली. एवाल्डला २२ महिने, हॉप्नरला १८, आणि प्रत्यक्ष तुरुंगात एक दिवसही नाही. हे वाचताना मला संताप येतो आणि तो यायलाच हवा असं वाटतं.

आमच्यातल्या एका मुलालाही तेच ‘व्हिटॅमिन’ चालू होतं, शिवाय इंजेक्शनं. त्याच्या छातीत स्तनाग्रांमागे गाठी आल्या. जादा टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात इस्ट्रोजेन होतं, त्याने हे घडतं. वृषणं आक्रसतात, शुक्राणूंची संख्या कधी शून्यावर जाते. औषध थांबवल्यावर ती भरून यायला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. वाढीच्या वयात घेतलं तर हाडांची टोकं लवकर जुळतात आणि उंची थांबते. स्नायू झपाट्याने वाढतात, स्नायूबंध त्या वेगाने मजबूत होत नाहीत, म्हणून ते तुटतात. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते, रक्त दाट होतं. यातलं बहुतेक आरशात दिसत नाही. आरशात फक्त रुंद खांदे दिसतात, आणि गंमत म्हणजे तेही पुरेसे वाटेनासे होतात. कितीही भरलं तरी आपण काडीच आहोत असं वाटायला लागणं हा मनाचा आजार आहे. डॉक्टर त्याला मसल डिस्मॉर्फिया म्हणतात. तो मुलगा उकाड्यातही दोन टीशर्ट घालायचा. आधी आम्हाला वाटायचं गाठी लपवतोय. नंतर कळलं, बारीक दिसू नये म्हणूनही.

बंद केल्यावरचे महिने सगळ्यात कठीण गेले. ताकद ओसरली, अंथरुणातून उठावंसं वाटेना, विनाकारण रडू यायचं. ही उदासी औषध सुटल्यामुळे येते आणि काहींच्या मनात जीव द्यायचे विचारही येतात, म्हणून या काळात माणसाला एकटं सोडू नये. फसवणारा याच वेळी परत येतो. सरांचा निरोप आला होता, “बघितलंस ना, बंद केल्यावर काय झालं?” त्या मनःस्थितीत तो पुरावाच वाटतो. मी तो निरोप डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि मी सावरले ती त्यामुळेच. पाळी परत आली, यकृताचे आकडे खाली आले, हनुवटीच्या केसांवर उपचार चालू आहेत. आवाज परतला नाही आणि परतणारही नाही, कारण स्वरयंत्रातले पडदे एकदा जाड झाले की पुन्हा पातळ होत नाहीत.

तक्रार केली तेव्हा सरांनी हात वर केले. तिने स्वतःच कुठून तरी मागवलं असेल, म्हणाले. उपयोगी पडले ते जुने निरोप: ‘आजपासून थांब’, ‘उद्यापासून सुरू कर’. पिशवीवरचं अक्षरही त्यांचंच होतं. उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात. ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्याने सुटका होत नाही. औषध शरीरात कसं आलं हे दाखवता आलं, तर बंदी कमी होऊ शकते. आणि खेळाडूला औषध देणाऱ्यालाही त्याच नियमांत किमान ४ वर्षांपासून आजीवन बंदीची तरतूद आहे. म्हणून निरोप पुसू नका, पिशवी फेकू नका, उरलेल्या गोळ्या जपून ठेवा.

सीलबंद डब्यातली पावडर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट्स तपासली, त्यांतल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टेरॉईडवर्गीय द्रव्यं सापडली. क्रिएटिन आणि व्हे प्रोटीन यांवर बंदी नाही, पण डब्यात तेवढंच आहे का, हे लेबल सांगू शकत नाही. स्वतंत्र प्रयोगशाळेत प्रत्येक बॅच तपासलेली असेल तरच धोका कमी होतो.

आणि आधीच कोणी इंजेक्शनं, गोळ्या घेत असेल, तर गुपचूप एकट्याने बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सगळं खरं सांगा. काय घेतलं, किती, कधीपासून. लिपिड प्रोफाइल, जीजीटी, हिमोग्लोबिन, संप्रेरकं आणि हृदयाचा इको करून घ्या. मुलींनो, सर्दी नसताना आवाज घोगरा वाटायला लागला, तर पुढची गोळी घेऊ नका. उरलेल्या गोळ्या घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि जाताना घरचं कोणीतरी सोबत न्या.