जुन्या जिप्सीचं इंटिरियर: उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा वापरून झाल्यावर

गाडी मारुतीची २००७ ची जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी हूडवाली, १२९८ सीसीचं एमपीएफआय पेट्रोल इंजिन. इंजिन खणखणीत, फोर बाय फोर नीट पडतं, पण आतून पार गेलेली होती. मार्चमध्ये कोल्हापूरला उद्यमनगरात काम सुरू केलं, एप्रिल संपता संपता गाडी हातात आली, आणि तेव्हापासून मेचं ऊन आणि मग गगनबावडा, राधानगरी, आंबोली असा अख्खा पावसाळा तिनेच फिरतोय. नवीन काम झालं की फोटोत सगळंच भारी दिसतं म्हणून मुद्दाम एवढे महिने थांबलो, पाणी खाल्ल्याशिवाय जिप्सीच्या इंटिरियरबद्दल बोलण्यात अर्थच नाही.

तर मुख्य गोष्ट आधीच सांगतो. सॉफ्ट टॉपमध्ये पाणी येणार, कितीही भारी हूड टाका, दरवाज्याच्या वरच्या कोपऱ्यातून आणि मागच्या पडद्याखालून येणारच. त्यामुळे पाणी अडवण्यावर सगळे पैसे घालवण्यापेक्षा आत आलेलं पाणी बाहेर जाईल आणि गाडी लवकर वाळेल असं इंटिरियर करा. माझं सगळं काम याच हिशोबाने केलंय आणि आता खात्रीने सांगतो की हेच बरोबर आहे.

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा फ्लोअरवर गेला आणि तो तिथेच जायला पाहिजे. वरची रबर मॅट काढली तर खाली जुनं नमदं (जाड लोकरीसारखा थर), आणि त्याने वर्षानुवर्षं पाणी धरून ठेवलेलं, ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याची चाळण झालेली आणि सीट बोल्टच्या आजूबाजूलाही गंज. इथे बरेच जण लांबी (पुट्टी) भरून वरून काळा रंग मारून देतात, ते अजिबात चालवून घेऊ नका. सीटच्या बोल्टखालचा पत्रा म्हणजे तुमची सीट आणि पर्यायाने तुम्ही, तो सडका असेल तर बाकी सगळं व्यर्थ. आमच्या डेंटर मामांनी सडका भाग पूर्ण कापून १८ गेजचा पत्रा जोडला, मग एपॉक्सी प्रायमर, जोडांवर सीलर, त्यावर रंग, आणि खालच्या बाजूने अंडरकोटिंग. बॉक्स सेक्शनच्या (पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांच्या) आत वॅक्स मारून घेतलं, कारण गंज आतून सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. फ्लोअरला जे रबरी बूच असतात ते सगळे नवीन टाकले, आणि हे नीट वाचा, त्यांच्यावर काहीही चिकटवू दिलं नाही. आता धो धो पावसात फिरून आलो की दोन बूच काढायचे, पाणी खाली, संपला विषय.

डॅम्पिंग शीटबद्दल, म्हणजे पत्र्याची थरथर मारायला चिकटवतात त्या शीटबद्दल, सगळे विचारतात. स्वस्तातली डांबराची शीट घेऊ नका, मेमध्ये उभ्या गाडीत तिचा वास सुटतो आणि ती मऊ पडून सरकते, बुटाइल रबरवाली महाग आहे पण टिकते. पूर्ण फ्लोअर मढवायची गरजही नाही, मोठ्या सपाट पत्र्याच्या मधोमध लावली की थरथर कमी होते, तीसचाळीस टक्के भाग झाकला तरी पुरतं. तिच्यावर नमदं नाही, क्लोज्ड सेल फोम टाकलाय जो पाणी पीत नाही. फरक किती पडला? खालून येणारा गिअरचा आवाज आणि पत्र्याची खडखड बरीच कमी झाली. पण ऐंशीच्या पुढे हूडचा फडफडाट आणि टायरचा आवाज आहे तसाच आहे, तो कुठल्याच शीटने जाणार नाही, त्यामुळे कार आत शांत होईल म्हणून कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गिअर आणि ट्रान्सफर लिव्हरचे (फोर बाय फोर टाकायच्या दांड्याचे) रबर बूट, म्हणजे बुडाशी असलेली रबरी आवरणं, मात्र नक्की बदला, फाटलेल्या बूटमधून गरम हवा, धूळ, चिखलाचं पाणी सगळं आत येतं आणि त्या एका स्वस्त बदलाने जेवढा फरक पडला तेवढा महागड्या शीटनेही पडला नाही.

आता सीट. स्विफ्टच्या नाहीतर झेनच्या सीट बसवा असा सल्ला खूप जणांनी दिला. बसवतात लोक, पण ब्रॅकेट बनवून सीट वर जाते, डोकं हूडच्या पाईपला लागायला येतं, आणि ते ब्रॅकेट कोणी, कसं वेल्ड केलंय यावर जिवाचा भरवसा टाकायचा हे मला पटत नाही. मी मूळ फ्रेम ठेवल्या, सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग केलं आणि आतला भुगा झालेला फोम काढून ४० डेन्सिटीचा नवीन घातला, मांडीखाली थोडा उंच. घाटात आता कंबर धरत नाही, आधी कोल्हापूर ते आंबोली गेलं की उतरताना पाठ सरळ व्हायला वेळ लागायचा. कव्हरला कापड नको, जाड रेक्झिनच, आणि शिलाई पॉलिस्टर दोऱ्याची, सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. शिवणीतून पाणी जाणारच म्हणून कुशनवाल्या मामांनी स्वतःच्या डोक्याने प्रत्येक कव्हरला मागून चेन लावली आणि तळाला जाळी दिली. भिजलं की फोम बाहेर काढून उन्हात ठेवायचा. या माणसाच्या कामाला तोड नाही, जुलै-ऑगस्टमध्येही गाडीत कुबट वास आला नाही तो यामुळे. उन्हात रेक्झिन तापतं हे खरं, हाफ पँट घालून दुपारी बसलात तर चटका बसतो, मी जुना टॉवेल टाकतो.

मागचे समोरासमोरचे बाक तसेच ठेवलेत. ते काढून पुढे तोंड करणारी सीट टाकायची असेल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. बाकांना बेल्ट नाहीत म्हणून हायवेला पोरांना मागे बसवत नाही, तिथे फक्त सामान.

वायरिंगचं थोडक्यात, आधीच्या मालकाने जोडलेलं सगळं उपटून टाकलं, नवीन चार्जिंग सॉकेट आणि लाईटला वेगळा फ्यूज, रिले, आणि जोड सगळे डॅशच्या वरच्या बाजूला. खाली एकही जोड ठेवू नका. डॅशबोर्ड मूळचाच, समोरच्या हँडलसकट, नुसता धुऊन घेतला.

हूडची टिचबटणं स्टेनलेस स्टीलची घ्या, साधी गंजून अडकतात आणि ओढताना कापडच फाटतं. पारदर्शक खिडक्या ओल्या असताना गुंडाळून ठेवू नका आणि सुक्या फडक्याने पुसू नका, चरे पडून रात्री समोरच्या लाईटने काही दिसत नाही.

एकूण खर्च साठ हजारांच्या आसपास गेला, त्यातला निम्म्याहून जास्त पत्र्यात. मारुतीने २०१८ च्या शेवटी जिप्सीचं बुकिंग बंद केलं, त्यामुळे चांगली बॉडी असलेली गाडी आता जपण्यासारखीच आहे आणि मला या खर्चाचं जराही वाईट वाटत नाही. राहिलंय ते एकच, शेजारी बसणाऱ्याच्या पायाला लांबच्या प्रवासात अजून गरम लागतं. बायकोची तीच एक तक्रार आहे आणि ती बरोबर आहे. सायलेन्सरच्या पाईपवर हीट शील्ड लावून घ्यायचंय, दिवाळीनंतर मामा मोकळे झाले की पहिलं तेच काम.