सातपूरचं छोटं गॅरेज, पण बेल्टचं काम एक नंबर

माझी २००४ ची मारुती ८००, सकाळी स्टार्ट केली की फॅन बेल्ट (इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवणारा पट्टा) असा किंचाळायचा की शेजारचे गॅलरीत यायचे. आधी दुसरीकडे दाखवली तर त्याने बेल्ट पार तारेसारखा ताणून दिला, आवाज गेला पण महिन्याभरात अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बेअरिंग घरघरायला लागलं, खर्च वेगळाच.

मग नाशिकच्या सातपूर एमआयडीसीजवळच्या या गॅरेजला गेलो. काकांनी बेल्ट उलटा करून चिरा दाखवल्या, नवीन टाकला, अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून पान्याने हळूहळू ओढत दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबून बघितलं, साधारण ८-१० मिमी दबला तेव्हाच बोल्ट कसले. मला पण दाबायला लावलं! म्हणाले, "ढिला राहिला तर बॅटरी चार्ज होणार नाही आणि पाणीपण गरम होईल, जास्त ताणला तर बेअरिंग जाईल. नवीन बेल्ट थोडा सैल पडतो, चार-पाचशे किमीनंतर परत या."

गेलो परत, खरंच सैल झालेला, दहा मिनिटांत सेट केला, पैसे घेतले नाहीत. परवा कसारा घाट एसी लावून चढलो, टेम्परेचरचा काटा हलला नाही. फक्त रविवारी बंद असतं आणि शनिवारी गर्दी, सकाळी लवकर जा.