संभाव्यतेची सराव-पुस्तिका: उदाहरणे उत्तम, उत्तरसूची तपासून घ्यावी

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. संभाव्यतेचे सूत्र बरोबर लिहूनही शाब्दिक उदाहरणांत तिचे उत्तर चुकत असे, म्हणून रत्नागिरीतील एका वह्यापुस्तकांच्या दुकानातून १२० रुपयांची ही पुस्तिका आणली.

पुस्तिकेचा खरा गुण उदाहरणांच्या निवडीत आहे. पाच डझनांच्या पेटीतील ६० हापूस आंब्यांपैकी ६ आंब्यांत साका (आतल्या गरातला दोष) असेल, तर न पाहता काढलेला एक आंबा साक्याचा निघण्याची संभाव्यता ६/६०, म्हणजे १/१० येते. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. त्यामुळे सर्व निष्पत्ती (शक्य निकाल) समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, असल्याची अट येथे ओढूनताणून आणल्यासारखी वाटत नाही. (डागी आंब्यांवर हेच उदाहरण बेतले असते, तर निदान आमच्या घरात ते लगेच खोटे ठरले असते.)

दोन नाण्यांचे प्रकरणही चांगले उतरले आहे. दोन छापे, दोन काटे आणि एकेक, अशा तीनच निष्पत्ती मानून किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता २/३ काढणारी मुले बरीच असतात. १७५४ साली दालांबेरसारख्या गणितज्ञानेही २/३ हेच उत्तर दिले होते. पुस्तिका एक नाणे रुपयाचे आणि दुसरे पाच रुपयांचे घ्यायला सांगते, त्यामुळे नमुना अवकाशात, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींच्या संचात, चार घटक आहेत आणि उत्तर ३/४ आहे, हे मुलीला न समजावता उमगले.

खटकली ती उत्तरसूची. त्याच पेटीतून एकापाठोपाठ काढलेले दोन्ही आंबे साक्याचे असण्याची संभाव्यता उत्तरसूचीने १/१०० दिली आहे. पहिला आंबा परत ठेवला असेल तरच हे उत्तर येते, आणि प्रश्नात तसा उल्लेख नाही. शिवाय कापून पाहिलेला आंबा पुन्हा पेटीत कोण ठेवतो? तो बाहेरच राहिला, तर क्रमाने दोन आंबे काढण्याचे ६० × ५९, म्हणजे ३५४० प्रकार होतात आणि अनुकूल प्रकार ६ × ५, म्हणजे ३० असतात, म्हणून उत्तर १/११८ हवे. पत्त्यांची उदाहरणे नेहमीचीच आहेत, कागद बरा आहे. मात्र ‘किमान एक’ या शब्दांवरची उदाहरणे तीनच आहेत. सर्वाधिक सराव तिथेच लागत असल्याने ती आम्हाला घरी रचावी लागली.