एमजीबीच्या डॅशबोर्डचे दिवे आणि गळ्यात मारलेला ऑल्टरनेटर

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिच्या डॅशबोर्डवरच्या गेजचा उजेड वाढवून देतो म्हणून जी एलईडी किट विकली जातात, त्यांतला एक बल्ब गाडीचं चार्जिंग बंद पाडू शकतो. इंग्लंडमधल्या १९७१ सालच्या एका एमजीबीत तेच झालं. किट ९४ पौंडांचं. त्यापायी बदललेला ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, मजुरीसह २१० पौंडांचा. जुना ऑल्टरनेटर मात्र मुळात ठणठणीत होता.

जाहिरात नीट वाचली असती तर लबाडी तिथेच कळली असती. ‘१९६२ ते १९८० सर्व एमजीबी’ असा पहिला दावा होता. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, नंतरच्यांत निगेटिव्ह. साधा एलईडी उलटा जोडला तर पेटत नाही, त्यामुळे एकच किट सगळ्यांना चालायचं तर बल्ब दोन्ही दिशांनी पेटणारा हवा. तसा उल्लेख कुठेच नव्हता. दुसरा दावा ‘कॅनबस एरर-फ्री’, म्हणजे नव्या गाड्यांतल्या कॉम्प्युटरला बल्ब गेल्याचा भास न होणारा. या गाडीत कॉम्प्युटर नाही, मग एरर येणार कुठून? अशा बल्बमध्ये जादा करंट ओढायला रेझिस्टर असतो. मीटर लावल्यावर हे बल्ब जेमतेम २० मिलिअँपिअर घेताना दिसले, म्हणजे तो रेझिस्टरसुद्धा आत नव्हता. तिसरा दावा होता मूळ डिमर, म्हणजे गेजचा उजेड कमी-जास्त करणारं बटण, चालतो हा. तोही खोटा.

जाहिरातीतल्या फोटोत डॅशबोर्ड झगमगत होता. कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवलं की मिणमिणता दिवाही तसाच दिसतो. काचेबाहेरचं रात्रीचं आकाश उजळ दिसत असेल तर त्या फोटोवर भरवसा ठेवू नका.

डब्यात गेजसाठी दहा बल्ब निघाले. या गाडीच्या गेजमध्ये लुकास कंपनीच्या ९८७ क्रमांकाचा बल्ब बसतो: १२ व्होल्ट, २.२ वॉट, ई१० आट्याचा, काचेचा गोळा साधारण ११ मिमीचा. दहापैकी चार बल्ब बीए९एस, म्हणजे खटक्याचे. ‘थोडा दाब द्या, बसतो’ असं विक्रेत्याने कळवलं. तसं कधीही करू नका. होल्डर वाकतो, मधलं टोक कडेच्या पत्र्याला टेकलं की शॉर्ट होतं.

उरलेले सहा बसले, पण आकडे उजळले नाहीत. फिलामेंटचा उजेड चहूबाजूंनी पसरतो आणि गेजच्या आतल्या पांढऱ्या रंगावर आपटून डायलवर येतो. या एलईडीचं तोंड फक्त समोर होतं. त्यामुळे एका जागी पांढरा ठिपका आणि बाकी डायल काळोखात. एलईडी घ्यायचाच असेल तर कडेने, सगळीकडे उजेड टाकणारा घ्या. ज्या गेजमध्ये उजेड आत येण्याची हिरवी किंवा निळी खिडकी असते तिथे लाल एलईडी जवळजवळ दिसतच नाही, कारण खिडकी लाल उजेड अडवते.

डिमरचं गणित सोपं आहे. सहा जुने बल्ब मिळून साधारण १.१ अँपिअर घेतात. डिमरचा रेझिस्टन्स तेवढ्या करंटवर भरपूर व्होल्ट खातो. सहा एलईडी मिळून ०.१२ अँपिअर घेतात. समजा १० ओहम मध्ये आले, तरी जेमतेम १.२ व्होल्ट पडतात आणि डोळ्याला फरक कळतही नाही.

खरा घात केला इग्निशनच्या लाल दिव्याने, म्हणजे किल्ली फिरवली की पेटणाऱ्या आणि चार्जिंग सुरू झालं की विझणाऱ्या दिव्याने. किटमध्ये त्याच्यासाठीही एलईडी होता आणि विक्रेत्याने सुचवलेल्या गॅरेजने तो बसवून दिला. लुकासच्या एसीआर जातीच्या ऑल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच दिव्यातून, तपकिरी-पिवळ्या वायरने मिळतो. २.२ वॉटचा बल्ब साधारण ०.१८ अँपिअर सोडतो. त्यावर रोटरमध्ये, म्हणजे ऑल्टरनेटरच्या फिरत्या भागात, चुंबकत्व येतं आणि चार्जिंग सुरू होतं. एलईडीतून त्याच्या नवव्या हिश्श्याइतकाच करंट गेला. इंजिन सुरू झालं तरी लाल दिवा विझेना. रेस जोरात दिली की विझायचा. छोट्या फेऱ्यांत बॅटरी उतरत गेली. गाडी पुन्हा त्याच गॅरेजमध्ये नेली, तर निदान झालं ‘ऑल्टरनेटर गेला’. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! नवा ऑल्टरनेटर लागल्यावरही दिवा तसाच. मग जुना ९८७ परत लावला आणि किल्ली फिरवताच सगळं सुरळीत झालं. जुना ऑल्टरनेटर मागून घेतला होता म्हणून तपासता आला. बेंचवर तो व्यवस्थित चार्ज करत होता. बदललेला जुना भाग परत मागणं कधीच सोडू नका.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. बॅटरीवर मीटर लावा. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि चार्जिंग चालू असेल तर साधारण १३.८ ते १४.४. सुरू केल्यावर आकडा वाढत नसेल तर आधी लाल दिव्यात मूळ बल्ब टाकून पाहा, मगच ऑल्टरनेटरला हात लावू द्या. तिथे एलईडीच हवा असा हट्ट असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडावा लागतो.

आणि बहुतेक गाड्यांना किटची गरजच नसते. बल्बला मिळणारं व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. पन्नास वर्षं जुन्या जोडण्यांमध्ये एवढी घट सहज होते. बॅटरीचं कनेक्शन काढल्याशिवाय डॅशबोर्डमागे हात घालू नका; या गाडीत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. गेजच्या मागच्या काळ्या अर्थ वायरी, त्यांची टोकं आणि होल्डर घासून स्वच्छ करा. मग बॅटरी जोडून, दिवे लावून, डिमर पूर्ण उघडा ठेवा आणि लाल-पांढरी वायर व होल्डरचा पत्रा यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरलं तर दोष वायरिंगचा. जुन्या गाड्यांत तापमानाच्या गेजला ईथर भरलेली बारीक नळी असते. ती ताणली किंवा मुडपली तर गेज कायमचं गेलं, म्हणून ते गेज बाहेर ओढू नका. इतर गेज उघडायची तयारी असेल तर आतला पिवळा पडलेला रंग मॅट पांढऱ्याने पुन्हा मारा. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. नवे ९८७ एक-दोन पौंडांना मिळतात.

फसवणूक झालीच तर ब्रिटनमध्ये वेळेला फार महत्त्व आहे. व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेला माल हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो आणि सदोष निघाला तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. क्रेडिट कार्ड कंपनीला जबाबदार धरणारं १९७४ च्या कायद्यातलं कलम ७५ मात्र १०० पौंडांहून जास्त किमतीच्या वस्तूलाच लागतं. हे किट ९४ पौंडांचं होतं, म्हणून तो मार्ग बंद झाला आणि बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे उलटे फिरवून, मागावा लागला. दावा करताना चुकीच्या बल्बचे मोजपट्टीसह फोटो, जाहिरातीची प्रत आणि ‘दाब द्या, बसतो’ हा संदेश सोबत जोडा.