ट्रॉलीचा गंज: रेड ऑक्साइड की गॅल्व्हनायझिंग?

शेणखत आणि पोटॅशची पोती वाहणारी ट्रॉली सांध्यांपासून सडते. नवी बांधून घेत असाल तर गॅल्व्हनायझिंगच, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर, करा. जुनीला रंग बरा.

रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा अस्तर-रंग) आणि वर ऑइलपेंट हे काम स्वस्तात, गावातच होतं. पण गंज ग्राइंडरने खरवडल्याशिवाय नुसता रंग फासला तर पापुद्रे सुटतात. आणि फासतातच! ओरखडा पडला की गंज रंगाखाली पसरतो.

गॅल्व्हनायझिंगमध्ये सांगाडा सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. ओरखडा पडला तरी भोवतालचं जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. मात्र पोकळ पाइपांना आधी भोकं पाडावीच लागतात, नाहीतर कोंडलेल्या वाफेने स्फोट होऊ शकतो. वेल्डिंगही आधीच उरका. नंतर केलं तर तिथलं जस्त जळतं आणि त्याचा धूर बाधतो.