कॅल्शियमच्या डबीत पीठ निघालं

मार्चमधल्या एका रात्री पिंजऱ्यातून खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. आमच्या बर्फी आणि चिंगी या दोन शुगर ग्लायडर, म्हणजे खारीसारखे दिसणारे, झाडावरून झाडावर तरंगत जाणारे छोटे प्राणी, रात्री आठनंतर जाग्या होतात. त्यांच्या उड्यांची धपधप आम्हाला सवयीची होती, पण हा आवाज वेगळा होता. दिवा लावून बघितलं तर बर्फी पुढच्या पंजांनी जाळी धरून स्वतःला ओढत होती. मागचे दोन्ही पाय ओल्या फडक्यासारखे नुसते मागून घसटत येत होते.

ज्या माणसाकडून आम्ही या दोघी घेतल्या, त्याच्याकडूनच पाच महिने त्यांचं खाणंही घेत होतो. तो आजही विकतोय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही भांडुपला राहतो. मुलगा नववीत आहे. त्याने वर्षभर हट्ट धरला आणि शेवटी मोबाइलवरच्या एका जाहिरातीवरून व्यवहार ठरला. त्या माणसाचं दुकान नव्हतं. दादर स्टेशनच्या बाहेर तो कापडी पिशवीत दोघींना घेऊन आला. चोवीस हजार रुपये त्याच्या वैयक्तिक खात्यात गेले. बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, ऑनलाइन पेमेंट झालंय ना, तेच बिल." आम्हाला तेव्हा ते पटलं.

पिशवीबरोबर त्याने खाण्याचा किट दिला. महिन्याला अठराशे रुपये. हिरव्या झाकणाच्या मोठ्या डब्यात "संपूर्ण आहार" आणि छोट्या पांढऱ्या डबीत "शिंपल्याचं शुद्ध कॅल्शियम". डब्यातली दोन चमचे पावडर कोमट पाण्यात कालवायची, वर चिमूटभर कॅल्शियम भुरभुरायचं. जोडीला केळं आणि सूर्यफुलाच्या बिया. मी किड्यांबद्दल विचारलं होतं, कारण मुलाने वाचलं होतं की हे प्राणी किडे खातात. तो हसून म्हणाला, "ताई, तुमच्यासारख्यांच्या घरात किडे कुठे आणणार? त्याचं सगळं प्रोटीन यात घातलंय." आमचं घर शाकाहारी. मला हायसं वाटलं. तो माणसाला नेमकं काय ऐकायचं असतं ते ओळखून बोलायचा, हे आता लक्षात येतं.

चौथ्या महिन्यात बर्फी उड्या कमी मारायला लागली. हातावर घेतली की तिचे पंजे थरथरायचे. त्याने गिऱ्हाइकांचा एक मेसेज ग्रुप केला होता, त्यात मी व्हिडिओ टाकला. ग्रुपमधले "डॉक्टर" लगेच म्हणाले, थंडीने होतं, पावडर वाढवा. मी दोन डबे जास्त मागवले. ते डॉक्टर म्हणजे त्याचाच माणूस होता, हे पुढे कळलं. त्या चार आठवड्यांत मी खऱ्या डॉक्टरकडे गेले असते तर, हा विचार अजून रात्री मला झोपू देत नाही.

पाय घसटायला लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना पिशवीसकट ओढणीखाली छातीशी धरून स्लो लोकलने गेलो. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण असे वेगळे प्राणी बघणारे डॉक्टर मुंबईत मोजकेच. त्यांनी बर्फीला हात लावायच्या आधी विचारलं, "खायला काय घालता?" मी डबा पुढे केला. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला. डब्यावर झाडाचं चित्र होतं आणि इंग्रजीत "इम्पोर्टेड" लिहिलेलं होतं. कुणी बनवला, कुठे, कधी, वजन किती, किंमत किती, आत काय काय आहे, यातलं एकही अक्षर नव्हतं.

एक्स-रे काढला. हाडं पांढरी, ठसठशीत दिसायला हवीत. बर्फीची हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच करडी दिसत होती आणि मांडीच्या हाडाला बारीक तडा होता. डॉक्टरांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. शरीराला कॅल्शियम आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात लागतं, या प्राण्यांसाठी साधारण दोनास एक असं धरतात. खाण्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त झाला की रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायला लागतं. हाडं पोकळ होतात, मागचे पाय जातात. पाळलेल्या शुगर ग्लायडरमध्ये हा आजार वारंवार दिसतो आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा खाण्यातच असतं.

त्या विकणाऱ्याने सांगितलेलं केळं बघा. १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम जेमतेम ५ मिलिग्रॅम, फॉस्फरस २२. सूर्यफुलाच्या बियांत फॉस्फरस कॅल्शियमच्या आठपट. आणि आपल्याकडे बारा महिने मिळणारी पपई, तिच्यात कॅल्शियम २०, फॉस्फरस १०. ती मात्र त्याने कधी सांगितली नाही.

घरी आल्यावर मुलगा गप्प गप्प होता. संध्याकाळी त्याने ती पांढरी डबी घेतली आणि ओट्यावर दोन बश्या मांडल्या. एकीत अंड्याचं कवच कुटून टाकलं, दुसरीत डबीतलं "कॅल्शियम". कवच त्याने शेजारच्या काकूंकडून आणलं होतं. दोन्हींवर व्हिनेगर ओतलं. कवचावर लगेच बुडबुडे फसफसले, कारण अंड्याचं कवच आणि शिंपला दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. दुसऱ्या बशीत काहीच हललं नाही. मग त्याने जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब त्या पावडरीवर टाकले. शाळेत बटाट्यावर टाकून दाखवतात तसे. पावडर तिथल्या तिथे निळीकाळी झाली. म्हणजे स्टार्च. रोज रात्री मी चिमूट मोजून तिच्या ताटलीवर पीठ भुरभुरत होते.

मोठ्या डब्याचं मला स्वतःलाच कळलं. गरम पाणी घातल्यावर जो व्हॅनिलाचा वास आला, तो मी मुलाच्या सातव्या महिन्यापासून वर्षभर घेतलेला होता. मेडिकलमधून लहान बाळांच्या तयार खिरीचं पाकीट आणलं आणि शेजारी कालवलं. रंग, घट्टपणा, वास सगळं सारखं, फक्त डब्यातलं जास्त गोड.

आता यातली मेख. बाळाची खीर ग्लायडरच्या खाण्यात खरंच असते. लेडबीटर्स मिक्स नावाचं एक जुनं मिश्रण परदेशात वापरतात. त्यात दीडशे मिली कोमट पाणी, दीडशे मिली मध, एक उकडलेलं सोललेलं अंडं, जास्त प्रोटीनची बाळाची खीर फक्त २५ ग्रॅम आणि चमचाभर व्हिटॅमिन-खनिजांची पूड असते. आणि हे मिश्रण म्हणजेही निम्मं जेवण, उरलेल्या निम्म्यात किडे किंवा किडेखाऊ प्राण्यांसाठीचं तयार खाणं. त्या माणसाने या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट उचलली, साखर मिसळली, आणि अंडं, खनिजं, किडे सगळं गाळून टाकलं. म्हणून कुणी थोडंफार वाचून त्याला प्रश्न विचारला तर त्याच्याकडे उत्तर तयार असायचं: "हो, बेबी सिरीयलच लागतं, बाहेरचे लोक पण तेच देतात."

मी फोन केला. आधी तो म्हणाला, तुम्हीच काहीतरी भलतं खायला घातलं असणार. बश्यांचा व्हिडिओ पाठवला तेव्हा म्हणाला, बॅच बदलून देतो. पैसे परत मागितल्यावर ग्रुपमधून काढलं आणि नंबर ब्लॉक केला. ग्रुपमधल्या दोघीजणींचे नंबर माझ्याकडे होते. एकीचा ग्लायडर जानेवारीतच गेला होता. तिला सांगितलं होतं, जुलाबाने गेला.

बर्फी अकरा दिवस जगली. चिंगीचं वेळेत लक्षात आलं. औषधं झाली, पिंजऱ्यातल्या वरच्या फांद्या काढून सगळं जमिनीलगत केलं, खाली जाड फ्लीस अंथरलं. ती आता चढते, पण उडी मारून उतरताना डावा मागचा पाय अजून वाकडा पडतो. या प्राण्यांना सोबत लागते, एकटी राहिली की त्या झुरतात. त्यामुळे दिवसा तिची पिशवी माझ्या गळ्यातच असते.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर नोंदवली आहे. पैशांच्या पावत्यांचे स्क्रीनशॉट, डब्यांचे फोटो, एक्स-रे आणि ग्रुपमधले मेसेज मी ब्लॉक व्हायच्या आधी साठवून ठेवले होते म्हणून ती नोंदवता आली. तुमचं असं काही चालू असेल तर आजच मेसेज साठवा, भांडण नंतर करा. आणि घ्यायच्या आधी विचारा: २०१८ च्या नियमांप्रमाणे पेट शॉपला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, ती दाखवता का? पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन आणि किंमत छापलेली असायला हवी, ती कुठे आहे? मी यातलं एकही विचारलं नव्हतं. स्टेशनबाहेर भेटणारा माणूस या प्रश्नांवर चिडला तर तिथूनच परत फिरा.

हल्ली चिंगीचं ताट असं असतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं मिश्रण मी महिन्यातून दोनदा करते, अंडं घालून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते आणि रोज संध्याकाळी एक खडा काढते. घरात अंडं उकडायला सासूबाईंनीच होकार दिला. पपईचे दोन बारीक तुकडे, थोडी भाजी, आणि किडे. किडे मुलगा वेगळ्या डब्यात पाळतो. मीलवर्म नावाच्या या अळ्यांमध्ये फॉस्फरस जास्त असतो, म्हणून त्यांना आधी चांगलं खाऊ घालून, खऱ्या कॅल्शियमची पूड लावून मोजूनच देतो. कांदा, लसूण, चॉकलेट, अॅव्होकॅडो घरातल्या कुणीही तिच्या जवळ न्यायचं नाही. ग्लायडर दिवसाला वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के खातो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या जिवाला पंधरा-वीस ग्रॅम. दर रविवारी सोनं तोलावं तसं तिला छोट्या डिजिटल काट्यावर तोलून वहीत आकडा लिहिते. हे प्रमाण चिंगीचं आहे. तुमच्या ग्लायडरचं डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलीने मला फोटो पाठवला, "काकू, हे घेऊ का?" तोच डबा. झाकण आता निळं आहे, नाव बदललंय, वर "डॉक्टरमान्य" असं स्टिकर आहे आणि किंमत २,२०० रुपये. भेटायची जागा तीच, दादर स्टेशनच्या बाहेर.